चिमुकल्या चाकावर पांढरी अक्षरं

  आजचा विषय ऐकून तुम्हाला हसू येईल. खेळण्यातल्या गाडीच्या रबरी टायरवर अक्षरं कशी बसवायची, हे आज आम्ही सांगणार आहोत. एवढ्याशा कामासाठी रेडिओवर काय बोलायचं, असं आम्हालाही वाटायचं. पण याच एवढ्याशा कामात आमच्या गटाचे पैसे बुडाले होते. म्हणून ते सगळं नीट सांगायचं ठरवलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भात तान्हा पोळा भरतो. पोरं चाकं लावलेला लाकडी बैल सजवून ओढत नेतात आणि घरोघरी बोजारा मागतात. नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांनी १८०६ मध्ये ही पद्धत सुरू केली, असं सांगतात. आता पोरांना बैलासोबत ट्रॅक्टर हवा असतो, टायरची बंडी हवी असते. आम्ही म्हटलं, लाकडाचे छोटे ट्रॅक्टर आणि टायरबंड्या करून विकू. सुतारकाम गावातच होतं. रबरी चाकं बाजारातून सुटी आणली. टायरवर पांढरी अक्षरं असली की गाडी खरी वाटते, म्हणून घरात उरलेल्या ऑइलपेंटने आम्ही बारीक ब्रशने ती रंगवली.

दिसायला छान दिसलं. पण रंग वाळेना. दोन दिवस झाले, चार झाले, आठ झाले, तरी बोटाला चिकटतच होता. वरून धूळ बसली, अक्षरं मातकट झाली. ज्यांनी गाड्या नेल्या त्यांच्यातल्या एक आजी परत आल्या आणि म्हणाल्या, "हे त पोराच्या हाताले लागून रायलं ना बाई, अन् थो हात तोंडात घालते." त्यांचं बरोबर होतं. आम्ही गाड्या परत घेतल्या, पैसे परत दिले. ते पैसे गटाच्या बचतीतून उचललेले होते. हप्ता तर भरावाच लागला.

तेव्हा आम्हाला वाटलं, रंगच खराब निघाला. दोष रंगाचा नव्हता, आम्हाला रबराचा स्वभाव माहीत नव्हता. तोच आधी समजून घेऊ.

रंग का बसत नाही?

भिंतीवर किंवा लाकडावर रंग बसतो, कारण तिथे बारीक छिद्रं असतात आणि रंग आत धरून राहतो. रबराचा पृष्ठभाग बंद असतो, शिवाय तो वाकतो. वर वाळलेला रंग कडक आणि खालचं रबर नरम असलं, की चाक दाबलं जाताच रंगाला तडे जातात आणि त्याच्या खपल्या निघतात.

दुसरी गोष्ट साच्याची. चाक साच्यात घडवतात. ते साच्यातून सहज सुटावं म्हणून आत तेलकट किंवा मेणासारखा पदार्थ लावलेला असतो. आपण इडलीपात्राला तेलाचं बोट फिरवतो ना, तसंच. तो थर नव्या चाकावर तसाच राहतो. त्याच्यावर रंग लावणं म्हणजे तेलकट ताटावर खडूने लिहिणं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. खेळण्यातली पुष्कळ 'रबरी' चाकं खऱ्या रबराची नसतातच. ती मऊ केलेल्या पीव्हीसी प्लास्टिकची असतात. पीव्हीसी मुळात कडक असतं, आपल्या नळाच्या पाइपासारखं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखे पदार्थ मिसळतात. हे पदार्थ हळूहळू बाहेर झिरपत राहतात. ऑइलपेंटशी त्यांची गाठ पडली, की रंग पुरता वाळत नाही, चिकटच राहतो. आमच्या गाड्यांचं हेच झालं. जुन्या खेळण्याचं मऊ चाक प्लास्टिकच्या रिंगला चिकटून बसतं आणि रिंग विरघळल्यासारखी होते, हे तुम्ही पाहिलं असेल. त्यामागेही हेच कारण असतं.

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा. खेळण्याच्या टायरवर ऑइलपेंट लावायचा नाही. पाण्यात मिसळणारा अॅक्रेलिक रंग वापरायचा.

खऱ्या टायरवरची अक्षरं

नक्कल करायची तर आधी अस्सल वस्तू नीट पाहायला हवी. आमच्यातल्या दोघी अंगणात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरपाशी वही घेऊन बसल्या, तेव्हा घरची माणसं हसली. पण रोज समोर असलेला टायर आम्ही पहिल्यांदाच वाचत होतो.

टायरची जमिनीला टेकते ती नक्षी. बाजूला दिसतो त्या भागाला आम्ही टायरचा गाल म्हणतो. अक्षरं असतात ती गालावर. ती रंगवलेली नसतात. साच्यातच कोरलेली असल्यामुळे टायरसोबत उठून येतात, काळ्यावर काळी. आपल्या भागातल्या पुष्कळ ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर '१३.६-२८' असा आकडा दिसेल. त्याचा अर्थ असा, की टायरची रुंदी साधारण १३.६ इंच आणि आतल्या रिंगचा व्यास २८ इंच. पुढच्या टायरवर बहुतेकदा '६.००-१६' असतं, म्हणजे रुंदी सहा इंच आणि रिंग सोळा इंचांची. हे कळल्यापासून टायर आणायला गेलेल्या घरच्या माणसाला आम्ही आकडा विचारूनच पाठवतो.

टायर काळाच का असतो, हेही ऐका. झाडाच्या चिकापासून मिळणारं रबर मुळात पांढुरकं असतं. त्यात काजळीसारखी बारीक पूड मिसळतात. त्याने टायर काळा होतो आणि झिजायला जास्त टिकाऊ होतो. विदेशी गाड्यांच्या काही टायरवर पांढरी अक्षरं असतात. तिथे काळ्या थराखाली पांढऱ्या रबराचा थर घातलेला असतो आणि वरचा काळा थर घासून काढला की पांढरं अक्षर उघडं पडतं. शर्यतीच्या फॉर्म्युला वन गाड्यांवर तर रंगावरून टायर ओळखतात. लाल म्हणजे नरम, पिवळा म्हणजे मधला, पांढरा म्हणजे कडक.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. हवेचा टायर आज साऱ्या जगात चालतो, पण त्याचा उपयोग पहिल्यांदा गाजला तो एका पोराच्या खेळण्यातूनच. जॉन बॉइड डनलॉप हे बेलफास्ट शहरात गुरांचे डॉक्टर होते. मुलाच्या तीनचाकी सायकलला दगडी रस्त्यावर धक्के बसतात, म्हणून त्यांनी तिच्या चाकांना हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि १८८८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यांच्या नावाची कंपनी निघाली. तेच नाव इथवर आलं आणि टायरच्या बैलबंडीलाच पुष्कळ ठिकाणी लोक 'डनलॉप' म्हणू लागले. तेव्हा कोणी म्हटलं, की पोरांच्या चाकात काय वेळ घालवता, तर ही गोष्ट सांगा.

सोळा आण्यांचा हिशेब

छोटी गाडी किती छोटी, याचं एक माप असतं. एकास सोळा हे माप आपल्याला सोपं. जुन्या रुपयात सोळा आणे होते. खरा ट्रॅक्टर रुपया धरला, तर आपला ट्रॅक्टर एक आणा. खरी रिंग २८ इंच, म्हणजे सुमारे ७१ सेंटिमीटर. तिला सोळाने भागलं की साडेचार सेंटिमीटरच्या आतबाहेर येतं. खऱ्या टायरवरचं अक्षर पट्टीने मोजा आणि सोळाने भागा. पाच सेंटिमीटरचं अक्षर तीन मिलिमीटरचं होतं, साधारण ज्वारीच्या दाण्याएवढं. एवढं अक्षर हाताने सारखं काढणं अवघड. म्हणून साचा किंवा छापील अक्षर लागतं.

अक्षरासाठी जागा किती, हे दोऱ्याने मोजायचं. समजा चाक बाहेरून ६० मिलिमीटर आणि रिंग ३४ मिलिमीटर. दोन्हींतला फरक २६. त्याचा निम्मा १३, म्हणजे गालाची रुंदी १३ मिलिमीटर. वर-खाली थोडी जागा सोडली, तर अक्षर मात्रांसकट सहा-सात मिलिमीटरचं बसतं. गालाच्या मधोमध दोरा गोल फिरवून मोजला तर १४८ मिलिमीटरच्या आसपास भरेल. त्याचे चार भाग करा, प्रत्येक भाग ३७ मिलिमीटरचा. समोरासमोरच्या दोन भागांत नाव, मधले दोन रिकामे. चाक कसंही थांबलं तरी एखादं नाव वाचता येतं.

काय लिहायचं?

विकायच्या गाडीवर मोठ्या टायर कंपनीचं नाव लिहायचं नाही. ते नाव आणि त्याच्या अक्षरांचं वळण त्या कंपनीचं नोंदलेलं असतं, आणि परवानगीशिवाय ते मालावर वापरणं व्यापारचिन्हाच्या कायद्यात बसत नाही. आपल्या घरातल्या पोरासाठी एखादी गाडी केली तर गोष्ट वेगळी. दुकानात ठेवायच्या मालावर मात्र आपलं नाव लिहा. गटाचं नाव लिहा, गावाचं लिहा. आम्ही नंतर पोराचं किंवा पोरीचं नावच टायरवर टाकायला लागलो. आपलं नाव असलेली गाडी पोरं जिवापाड जपतात.

पण मराठी नाव गोल चाकावर टाकताना एक अडचण येते. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, एकेक करून गोलावर मांडता येतात. आपली अक्षरं शिरोरेघेला टांगलेली असतात. सरळ लिहिलेलं नाव तसंच चिकटवलं तर रेघ सरळ राहते आणि चाक तिच्याखालून वळून जातं. अक्षरं सुटी कापली तर रेघ तुटते. म्हणून संगणकावर अक्षरं करून घेताना सांगायचं, की नाव गोलाच्या कमानीवर वळवून द्या. शिरोरेघ बाहेरच्या कडेला येईल आणि तीही कमानदार होईल. वेलांटी आणि मात्रेसाठी बाहेरून जागा सोडा, उकारासाठी रिंगच्या बाजूने सोडा. लहान चाकावर जोडाक्षरं गिचमीड होतात. तिथे पोराचं घरचं लाडाचं नाव बरं. 'कृष्णा'पेक्षा 'बाळू' चटकन वाचता येतं.

आधी चाक तयार करा

पुढे कोणतीही रीत वापरा, ही तयारी चुकवू नका. आमच्या अनुभवात निम्मं यश इथेच आहे.

चाक आधी रिंगवर चढवा. अक्षरं टाकून मग चढवलं तर टायर ताणला जातो आणि अक्षरांना तडे जातात. मग कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण घालून जुन्या दातांच्या ब्रशने गाल घासा. स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. नंतर ६०० नंबरचा वॉटर पेपर घेऊन फक्त अक्षरांच्या जागी हलक्या हाताने फिरवा. चमक गेली की थांबा. शेवटी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये कापूस भिजवून तेवढी जागा पुसा. त्यानंतर तिथे बोट लावायचं नाही. बोटाचं तेलही नडतं.

स्पिरिट पेट घेतं. चूल, गॅस, उदबत्ती, दिवा यांच्याजवळ हे काम करू नका. ओसरीवर, मोकळ्या हवेत करा.

पहिली रीत: रेडियमचा साचा

गावोगावी गाड्यांच्या काचांवर नावं टाकणारे रेडियमवाले असतात. त्यांच्याकडे अक्षर कापायचं यंत्र असतं. आम्हाला आधी वाटलं, रेडियमचं अक्षरच टायरवर चिकटवू. ते टिकत नाही. मऊ चाकातून झिरपणारं तेल त्याचा गोंद नरम करतं, कडा उचलतात, आणि पोरं नखाने ते अक्षर काढून तोंडात घालतात.

पण त्याच रेडियमचा साचा छान होतो. त्यांना सांगायचं, की अक्षर काढून घ्या आणि भोवतालचा भाग द्या. पट्टीत अक्षराच्या आकाराची खिडकी राहते. 'ब', 'व', 'म' यांच्या पोटातले तुकडे मात्र वेगळे बसवावे लागतात, ते हरवू देऊ नका. पाच मिलिमीटरच्या खाली कापायला सांगू नका, मात्रा उडून जातात.

पट्टी गालावर बसवा, कडा नखाने दाबा. रंग म्हणून कापडावर वापरायचा पांढरा फॅब्रिक कलर घ्या. तो अॅक्रेलिकच असतो, पण कापडासोबत वाकावा असा केलेला असतो, म्हणून चाकासोबतही वाकतो. ब्रशने ओढायचा नाही, कारण रंग पट्टीखाली शिरतो. स्पंजचा तुकडा रंगात टेकवा, जास्तीचा रंग कागदावर टिपून टाका आणि जवळपास कोरड्या स्पंजने टिपटिप करा. पहिला हात फिका दिसेल. अर्ध्या तासाने दुसरा द्या, मग तिसरा. तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा जास्त टिकतात. शेवटचा हात थोडा ओला असतानाच पट्टी उचला. पूर्ण वाळू दिला तर पट्टीसोबत अक्षराची कडाही निघून येते.

विकायच्या मालाला आम्ही हीच रीत वापरतो.

दुसरी रीत: पाण्यात सुटणारं डेकल

बबलगमसोबत मिळणारा पाण्याचा टॅटू आठवा. डेकलही साधारण त्याच जातीचं. खाली कागद, त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाचा थर, त्यावर अगदी पातळ पारदर्शक पापुद्रा आणि पापुद्र्यावर छापलेलं अक्षर. कागद पाण्यात बुडवला की गोंद सुटतो आणि पापुद्रा सरकवून हव्या त्या जागी नेता येतो. अगदी बारीक अक्षरांसाठी यासारखं दुसरं काही नाही. प्रदर्शनात ठेवायची किंवा कपाटात मिरवायची गाडी असेल तर हे करा.

इथे अडतं ते पांढऱ्या रंगाशी. साधा प्रिंटर पांढरं छापत नाही. त्याला पांढरं म्हणजे कोरा कागद. पारदर्शक डेकलवर पिवळं किंवा लाल छापून काळ्या टायरवर लावलं तरी ते दिसत नाही, कारण ती शाई पातळ असते आणि खालचा काळा तिला गिळतो. यावर तोड अशी, की पांढऱ्या पापुद्र्याचा डेकल कागद घ्यायचा, सगळी जागा काळी छापायची आणि अक्षर तेवढं कोरं सोडायचं. नुसत्या नावापुरता तुकडा लावला तर छापलेला काळा आणि टायरचा काळा वेगळे दिसतात. म्हणून गालाची पूर्ण गोल पट्टीच छापा आणि चार तुकडे करून लावा. चारही बाजूंना एकच काळा दिसला की डोळ्याला खटकत नाही. शाईच्या प्रिंटरवर छापलं असेल तर आधी पारदर्शक वॉर्निशचे दोन पातळ हात देऊन वाळवा, नाहीतर पाण्यात शाईच वाहून जाईल.

लावण्याआधी गालावर चकचकीत अॅक्रेलिक वॉर्निशचा एक पातळ हात द्या आणि वाळवा. पृष्ठभाग खरबरीत राहिला तर पापुद्र्याखाली हवा अडकते आणि वाळल्यावर चंदेरी डाग दिसतात. मग डेकल कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद बुडवून काढा आणि फडक्यावर मिनिटभर ठेवा. घाई करून नखाने सोडवू नका, आपोआप सरकलं पाहिजे. गालावर पाण्याचा थेंब टाका, डेकल कागदावरून सरकवत तिथे न्या, जागेवर आणा. कान साफ करायची कापसाची काडी ओली करून मधून कडेकडे दाबत पाणी बाहेर काढा. गाल फुगीर असल्यामुळे कडेला चुणी पडते. तिथे पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून काडीने लावा, पापुद्रा थोडा नरम होऊन बसतो. तरीही चुणी राहिली तर ब्लेडच्या टोकाने बारीक चीर द्या आणि दाबा.

चोवीस तास हात लावू नका. मग वरून मॅट वॉर्निशचा एक पातळ हात द्या. त्याने पापुद्र्याची कडा लपते आणि टायर रबरासारखा निस्तेज दिसतो. एवढं केल्यावरही डेकलचं चाक दाबायला, ओढायला, चिखलात घालायला चालत नाही. ते पाहण्याचं काम आहे, खेळण्याचं नव्हे. घेणाऱ्याला हे आधीच सांगा.

तिसरी रीत: उठलेली अक्षरं

काही तयार चाकांवर साच्यातच बारीक अक्षरं उठलेली असतात. तिथे साच्याची आणि डेकलची गरजच नाही. काचेच्या तुकड्यावर पांढऱ्या रंगाचा अगदी पातळ थर पसरा. सपाट खोडरबर त्यावर टेकवा, एकदा कागदावर टिपा आणि मग अक्षरांच्या माथ्यावरून हलकेच टेकवत जा. देवघरापुढे पावलांचे ठसे उमटवतो, तसाच हात ठेवायचा. खाली लागलेला रंग ओल्या काडीने लगेच पुसून काढा.

चार परीक्षा

माल बाहेर देण्याआधी एक चाक परीक्षेला बसवा. अक्षरं वाळून तीन दिवस झाले की बघा. पहिली परीक्षा बोटाची. अंगठा जोरात दाबून उचला, चिकट लागता कामा नये. दुसरी वाकण्याची. गाल वीस वेळा दाबा आणि सोडा, तडा दिसता कामा नये. तिसरी चिकटपट्टीची. साधी पारदर्शक पट्टी अक्षरावर दाबून झटक्यात ओढा, पट्टीवर पांढरं येता कामा नये. चौथी ओल्या फडक्याची. ओल्या पांढऱ्या फडक्याने चांगलं घासा, फडकं कोरंच राहिलं पाहिजे. चारांपैकी एकीतही चाक नापास झालं तर माल थांबवा. आम्ही पहिल्या वेळी फक्त अंगठ्याची परीक्षा केली असती, तरी एकही गाडी घराबाहेर गेली नसती.

पावसाळा विसरू नका. पोळा श्रावणाच्या अमावास्येला येतो, हवा दमट असते, रंग वाळायला दुप्पट वेळ लागतो. चाक उन्हात तापवून किंवा चुलीजवळ ठेवून वाळवू नका, रबर बिघडतं. त्याच दिवसांत निंदण असतं, सोयाबीन आणि कपाशीची कामं असतात. म्हणून चाकांचं काम आषाढाआधी संपवून ठेवलेलं बरं.

लेकराच्या तोंडाची काळजी

आता सगळ्यात महत्त्वाचं. खेळणं कुठेही ठेवलं तरी शेवटी लेकराच्या तोंडात जातं. शिसं असलेला रंग पोटात गेला तर लेकराच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. नोव्हेंबर २०१७ पासून आपल्या देशात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये, असा नियम लागू आहे. त्याआधीचा उरलासुरला डबा घरात असेल तर तो खेळण्याला लावू नका. नवीन घेताना डब्यावर शिसं नाही असं लिहिलेलं बघा. फवारायचं वॉर्निश वापरत असाल तर तोंडाला फडकं बांधा, अंगणात काम करा, आणि गरोदर बाईला आणि लहान लेकरांना त्या वेळी लांब ठेवा. तीन वर्षांच्या आतल्या लेकरासाठी निघणाऱ्या चाकाची गाडी देऊच नका. चाक निघालं आणि गिळलं तर श्वास अडकतो. त्यांना एकाच लाकडातून कोरलेलं, रंग न लावलेलं खेळणं द्या.

विकायचं म्हटलं तर कायद्याचंही बघावं लागतं. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, म्हणजे आयएसआय मार्क, सक्तीचं झालं आहे. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना, त्यांनी स्वतः बनवून विकलेल्या मालापुरती, त्यातून सूट दिलेली आहे. म्हणून माल करण्याआधी गटातल्या दोघी-तिघींनी यवतमाळच्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन कारागीर नोंदणीची चौकशी करा. 'उमेद'च्या किंवा 'माविम'च्या ताई गावात येतात, त्यांनाही विचारा. माल तयार झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही, हे आम्ही पैसे घालवून शिकलो.

आमच्या त्या चिकट गाड्यांचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. आम्ही अक्षरं खरवडून चाकं काढली आणि नवी बसवली, फॅब्रिक कलरने. एक बंडी त्या आजींच्या नातवाला त्याचं नाव टाकून दिली. आजींनी आधी अंगठा दाबून पाहिला, मग पदराचं टोक ओलं करून टायर घासला. पदर पांढरा झाला नाही. "आता ठीक हाय," म्हणाल्या आणि बंडीचे पैसे हातावर ठेवले. आम्ही नको म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "काम नीट केलं त पैसा घ्यावाच लागते."

मैत्रिणींनो, आपल्या वस्तूची परीक्षा गिऱ्हाइकाआधी आपणच घ्यावी. तुमच्या गटात एक चाक, साबण, स्पंज आणि पांढऱ्या रंगाची एक बाटली घेऊन एखाद्या दुपारी बसा. पहिलं चाक बिघडेल, बिघडू द्या. एक चाक बिघडलं तर गटाचं नुकसान होत नाही. आमचं झालं ते सगळा माल एकदम रंगवला म्हणून.

आज एवढंच. पुन्हा भेटू. नमस्कार.